शुक्रवारी सर्व्हिस सुरू का झाली नाही

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. माझं सगळं आपल्याला माहीत आहे असं जिला वाटतं, त्या मैत्रिणीलाही नाही. आत्ता लिहायला बसले तर आधी उठून दाराला आतून कडी लावून आले — घरात कुणी नसताना. यावरून काय ते समजा.

कुठून सुरू करू? माझ्यापासूनच करते.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मी. वडील पिंपरीत एका फाउंड्रीत ओतकामावर होते. त्यांच्या नखांतला काळा रंग ते रिटायर झाल्यावरही दोन वर्षं गेला नव्हता. मी बी.एस्सी. कॉम्प्युटर केलं आणि चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत आयटीत लागले. रहाटणीतून सकाळची कंपनीची बस, गळ्यात ओळखपत्र, आणि वडिलांच्या वयाची माणसं मला ‘मॅडम’ म्हणायची. मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू — फार आवडायचं. शिकल्याचा मला गर्व आहे, आजही आहे, आणि त्याची लाज वाटावी असं मला वाटत नाही. लाज वेगळ्याच गोष्टीची आहे. तिकडेच येतेय.

एकच माणूस मला मॅडम म्हणायचा नाही. हिरामण मामा. ते ‘ताई’ म्हणायचे. ठेकेदाराकडून आलेले इलेक्ट्रिशियन, पन्नाशी ओलांडलेले, शेजारच्याच गावचे. कंपनीची पेंट शॉपची शेड आणि तिला लागून आमची सर्व्हरची खोली आहे, तिथे त्यांच्या चुलत्याची आणि त्यांची मिळून जमीन होती. “ताई, तुमचा सर्व्हर हाय तितं आमचं जांभळीचं झाड हुतं,” असं एकदा हसत म्हणाले होते. मीही हसले होते. जमीन गेलेल्यांपैकी जे ठेक्यावर काम करत होते, त्यांतल्या तिघांना कंपनी त्या वर्षी कायम करणार होती. यादी नोटीस बोर्डावर लागली होती. तिसरं नाव मामांचं होतं. त्यांनी त्या कागदाचा फोटो काढायला मला सांगितलं, कारण त्यांचा फोन बटणांचा. मी काढला, प्रिंट करून दिला.

आमच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी. तुमचा रविवार तो आमचा गुरुवार. त्याच दिवशी लाईटची दुरुस्तीची कामं निघायची आणि कंपनीतली वीज बंद व्हायची. त्याची एक रीत आम्ही दोघांनी बसवली होती. मामा मेन स्विचपाशी उभे राहून आधी फोन करायचे — “ताई, मेन पाडू का?” मी घरून लॅपटॉपवर सर्व्हर नीट बंद करायची आणि मग सांगायची, “पाडा.” संध्याकाळी वीज आली की ते सर्व्हरचं बटण दाबायचे आणि त्यावरची हिरवी लाईट लागली की परत फोन करायचे — “हिरवी लागली.” एवढंच बोलणं. एक गुरुवार चुकला नाही.

सर्व्हर म्हणजे नुसती हिरवी लाईट नव्हे, हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. मला होतं. त्या सर्व्हरच्या पोटात एक सर्व्हिस चालायची. सर्व्हिस म्हणजे न दिसणारा कामगार समजा — सर्व्हर चालू झाला की त्याने आपलं आपण उठायचं, कुणी हाक न मारता कामाला लागायचं. याचं काम एकच: तयार मालाच्या प्रत्येक पेटीसाठी लेबल छापणं. लेबल नाही तर पेटी गेटबाहेर जात नाही. पेटी गेली नाही तर पुढच्या मोठ्या कंपनीची, आमच्या कस्टमरची, गाड्या जोडायची लाईन थांबते. आणि चाकणमध्ये कस्टमरची लाईन थांबवणं — याहून मोठा गुन्हा नाही. माणूस जखमी झाला तरी एवढे फोन येत नाहीत.

त्या सर्व्हिसला आत यायला एक नाव आणि एक पासवर्ड लागतो. गेट पासच म्हणा. त्यासाठी वेगळं खातं काढायचं असतं, जे कुणा माणसाचं नसतं. सर्व्हर बसवायला आलेला वेंडरचा माणूस म्हणालाही होता, “मॅडम, वेगळं अकाउंट करून घ्या, नंतर ताप होईल.” मी त्याला म्हणाले, ते मी बघते. आणि माझंच नाव घातलं. का? घाई होती, असं मी स्वतःला सांगायची. घाई नव्हती. त्या चौकटीत माझं नाव, माझं आडनाव लिहिलेलं दिसलं आणि मला बरं वाटलं. फाउंड्रीवाल्याच्या मुलीच्या नावावर अख्खा डिस्पॅच चालतो — बरं वाटणारच ना?

अडीच महिन्यांनी, एका मंगळवारी, कंपनीच्या नियमाप्रमाणे मी माझा पासवर्ड बदलला. काही झालं नाही. होणारच नव्हतं. जुन्या पासवर आत शिरलेला माणूस बाहेर जाईपर्यंत काम करतच राहतो. गेटवर अडवतात ते तो परत आत येताना. मंगळवार, बुधवार लेबलं छापत राहिली. गुरुवारी मामांचा फोन आला, मी सर्व्हर बंद केला, ‘पाडा’ म्हणाले. संध्याकाळी हिरवी लागली.

शुक्रवारी पहिल्या शिफ्टला फोन. मी बसमध्येच होते. डिस्पॅचचे सुपरवायझर, लातूरकडचे, एरवी प्रत्येक वाक्यात विनोद करणारे — “मॅडम, लेबलच येईना झालंय. गाड्या उभ्यात राव दारात.”

पोचले. सर्व्हर चालू, प्रिंटर चालू, लेबल नाही. आपण सगळे करतो तेच केलं — सर्व्हर परत चालू केला. मग अजून एकदा. मग प्रिंटर पाहिले, केबली पाहिल्या, नेटवर्कवाल्याला झापलं, प्रिंटरवाल्याला फोनवर झापलं. अडीच तास. सर्व्हरच्या नोंदी उघडून पाहायला मला अडीच तास का लागले, सांगू? कारण बिघाड माझ्याजवळ असेल हे माझ्या डोक्यातच येत नव्हतं. शेवटी उघडल्या. लाल ओळ. सर्व्हिस सुरू झाली नाही, नाव आणि पासवर्ड जुळत नाहीत. आणि ते नाव — माझं.

नवा पासवर्ड घातला, सर्व्हिस सुरू केली. एक मिनिटही लागलं नाही. तिकडे प्रिंटर खडखडले आणि डिस्पॅचमध्ये लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. सुपरवायझर म्हणाले, “मानलं मॅडम तुम्हाला! एवढ्या लोकांना जमलं नाही ते तुम्ही केलं.” मी हसले. अजूनही तिथे थांबता आलं असतं. म्हणता आलं असतं — अहो, माझ्याचमुळे झालं होतं. लोक हसले असते, साहेब ओरडले असते, आठवडाभर चेष्टा झाली असती. संपलं असतं.

पण तोवर कस्टमरची लाईन चाळीस मिनिटं थांबून गेली होती. आणि लाईन थांबली की त्यांना व्हाय-व्हाय लागतं.

ज्यांनी या पट्ट्यात काम केलंय त्यांना हा कागद माहीत आहे. पाच रकाने. लेबल का आलं नाही? त्याचं उत्तर लिहायचं, मग त्या उत्तराला परत ‘का’ विचारायचं, असं पाच वेळा, मुळाशी पोचेपर्यंत. कागद चांगला आहे. खरं लिहिणाऱ्यासाठी चांगला आहे. मी लिहिलं — सर्व्हिस सुरू झाली नाही. का? सर्व्हर चुकीच्या पद्धतीने बंद झाला. का? न कळवता वीज तोडली. का? ठरलेली पद्धत पाळली नाही. का? ठेक्यावरच्या इलेक्ट्रिशियनला पुरेसं प्रशिक्षण नाही.

पहिलं उत्तर खरं आहे. तिथून पुढची प्रत्येक ओळ मी शुद्धीत असताना, एसीच्या खोलीत, चहा पीत लिहिली. अचानक वीज गेली की सर्व्हर बिघडतो हे सगळ्यांना पटतं; कुणी विचारत नाही.

एवढंच नाही. सर्व्हर नीट बंद झाला होता, माझ्या हाताने बंद झाला होता, हे त्या नोंदींत वेळेसकट होतं. मी त्या पुसल्या. पुसल्या की पुसणाऱ्याचं नाव नव्या पानाच्या पहिल्या ओळीत आपोआप लिहिलं जातं — हे मला माहीत होतं. उघडून पाहण्याइतकी समज त्या कंपनीत माझ्याशिवाय कुणाला नाही, हेही माहीत होतं. माझ्या शिक्षणाचा मी केलेला हा उपयोग.

शनिवारी साहेबांनी मामांना मीटिंग रूममध्ये बोलावलं. ठेकेदार होता, मी होते. खुर्च्या रिकाम्या होत्या, मामा बसले नाहीत. साहेबांनी विचारलं तसे ते म्हणाले, “फोन केलता की साहेब. ताई पाडा म्हनल्या, मगच मेन पाडला. व्हय ना ताई?”

साहेब माझ्याकडे वळले. “फोन आला होता?”

मी म्हणाले, “आठवत नाही.”

मामांनी खिशातून फोन काढला. त्यात शेवटचे दहाच कॉल राहायचे. गुरुवारचा केव्हाच निघून गेला होता. माझ्या फोनमध्ये तो होता. फोन माझ्या मांडीवर पालथा होता. मला नुसता सुलटा करायचा होता.

मामा चिडतील असं मला वाटलं होतं. खरं तर ते चिडावेत अशी माझी इच्छा होती — मग मलाही चिडता आलं असतं. ते उलट साहेबांनाच समजावायला लागले: “आसंल साहेब. ताईंच्या मागं कामं लई आसत्यात. न्हाई ऱ्हात ध्यानात.”

त्यांना वाटलं मी खरंच विसरले. त्या माणसाच्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही.

सोमवारी ठेकेदाराने त्यांना काढलं. व्हाय-व्हायच्या कागदावर त्या पाच रकान्यांखाली काय उपाय केला ते लिहायचं असतं. तिथे मी लिहिलं, संबंधित व्यक्ती बदलली. नोटीस बोर्डावरच्या यादीत तिसऱ्या नावावर पेनाने रेघ आली. दोन दिवस ती तशीच होती, मग कागदच काढला. पुढच्या गुरुवारी सकाळी माझा फोन वाजला. मामाच. मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, “ताई, नव्या मानसाला हिरवी लाईट कुटली ती दावून ठेवा. त्यो भलतंच बटन दाबंल.” मी हो म्हणाले. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. मीही केला नाही.

त्याच आठवड्यात सर्व्हिससाठी मी वेगळं खातं काढून घेतलं. नंतर बढती मिळाली. ‘अडचणीत डोकं शांत ठेवणारी’ असं माझ्या कामाच्या अहवालात लिहिलंय.

सहा वर्षं झाली. कुणी विचारलं नाही. तो सर्व्हरही भंगारात गेला, पुसणारीचं नाव असलेल्या त्या पहिल्या ओळीसकट. आता मी सांगितलं तरी सिद्ध करायला माझ्याकडेच काही उरलेलं नाही — आणि सिद्ध झालं तरी कायम करायचं त्यांचं वय गेलं. सांगून त्यांना काय मिळणार, असं मी बरेच दिवस मनाशी म्हणत होते. ते कारण नव्हे. कारण एवढंच की मी भित्री आहे.

मागच्या महिन्यात राजगुरुनगरला एका लग्नाला गेले होते. परतीच्या एस.टी.साठी उभी होते तर मागून, “ताई न्हवं का?” हिरामण मामा. केस पूर्ण पांढरे, हातात वायरचं बंडल. तिथल्या एका मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात बसतात आता, कुणी बोलावलं तर घरगुती कामं करतात. मला बाकड्यावर बसवलं, चहा सांगितला. चहावाल्याला म्हणाले, “आमच्या कंपनीच्या ताई ह्या. कॉम्प्युटरच्या. लई हुशार.” आमच्या कंपनीच्या, म्हणाले.

चहा होईस्तोवर पाच-सात मिनिटं आम्ही बोललो. ती सगळी मिनिटं माझ्या हातात होती. बाकड्यावर आम्ही दोघंच होतो.

त्यांनी एकच गोष्ट विचारली. “ताई, त्या यादीतलं बाकीचं दोघं — झालं का कायम?”

मी म्हणाले, “झाले.”

“बरं झालं,” ते म्हणाले. “दोगंबी चांगली मानसं.”

गाडी आली. त्यांनीच पुढे होऊन हात केला, कंडक्टरला थांब म्हणाले. मी चढले आणि पलीकडच्या बाजूच्या सीटवर बसले, म्हणजे खिडकीतून ते दिसणार नाहीत.