खोलीबाहेरचा नगरसेवक

शेठकाकांच्या दुकानात मेणबत्त्या एका टोकाला आणि काड्यापेट्या दुसऱ्या टोकाला असत. नवं गिऱ्हाईक वैतागायचं. जुन्यांना ठाऊक होतं, की मधल्या वाटेत काका आपल्याला गाठणार आणि घरच्यांची ख्यालीखुशाली विचारल्याशिवाय सोडणार नाहीत.

उत्तर कॅनडातल्या त्या खाणीच्या गावात मी नोकरीला गेले, तेव्हा मराठी बोलणारे आम्ही दोघंच होतो. काका मूळचे बार्शीचे, भुसारवाल्याचे चिरंजीव. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा दूर कोक्विटलाम शहरात, फोनवर इंग्रजीतून बोलायचा आणि लवकर आटपायचा. मी दुकानात शिरले की काका आधी चहा टाकत आणि मग विचारत, "काय हवंय?" काही नको असलं तरी चालायचं. "तुझ्या त्या भाड्याच्या बेसमेंटमध्ये भिंतीशी बोलण्यापेक्षा बस इथं," म्हणायचे.

गावच्या कौन्सिलला ते उभे राहिले, त्यामागेही समाजसेवेची फार मोठी तळमळ नव्हती. "अगं, मीटिंगमधून माणसांना मध्येच उठून जाता येत नाही," हे त्यांचं कारण. गिऱ्हाइकांनी भरभरून मतं दिली. निवडून आल्यावर मात्र गडी बदलला. कुठल्या रस्त्यावरचा बर्फ आधी उपसायचा यावर तावातावाने भांडायचे आणि स्वतःची गल्ली शेवटी ठेवायचे.

मग एका बड्या साखळी दुकानाने गावात जागा मागितली. ते आलं तर काकांचं दुकान बसणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. कौन्सिलमध्ये मतदान होतं. नियम असा, की ज्याचा स्वतःचा धंदा त्यात गुंतलाय त्याने खोलीबाहेर जायचं.

"काका, बसा आत. कोण बोलणार आहे तुम्हाला?" मी म्हटलं.

"कोणी बोलणार नाही, म्हणून तर उठायचं," ते म्हणाले.

जाड पार्का कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढून ते बाहेर खुर्चीवर बसले. मी शेजारी होते. आतून बोलणं ऐकू येत नव्हतं. मध्येच सगळे हसले तेवढं ऐकू आलं. "हसतायत," काका म्हणाले आणि दाराकडे बघत राहिले. एका मताने ठराव मंजूर झाला. काकांचं मत पडतं तर बरोबरी होऊन तो बारगळला असता. काका आत गेले आणि मोकाट कुत्र्यांच्या पुढच्या विषयावर नेहमीसारखं बोलले.

पुढच्या हिवाळ्यात दुकान बंद झालं. त्यानंतरच्या निवडणुकीत काका पडले. "मतं काउंटरला होती गं. मला वाटायचं, मला आहेत," फोनवर म्हणाले. तोवर मी नोकरी बदलून राजधानीजवळच्या कनाटाला आले होते. माझ्याकडे या म्हटलं, तर उत्तर आलं, "तिथं मला ओळखतं कोण?" तिकडे तरी कोण उरलंय, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

पुढे एकदा कामासाठी तिकडे गेले, तर काका मला त्या बड्या दुकानातच घेऊन गेले. रोज सकाळी तिथेच जात. एका बाईने त्यांना थांबवून विचारलं, "एक्सक्यूज मी, वूल सॉक्स कुठल्या आइलमध्ये?" काका तिला थेट तिथवर सोडून आले. त्यांना तिथला नोकर समजून थँक्यू म्हणत ती निघून गेली. मला रडू आवरेना.

"काका, सांगायचं होतंत तिला, तुम्ही कोण ते."

काकांनी टोपी सारखी केली. चेहरा खुलला होता.

"राहू दे गं," ते म्हणाले. "बोहनी झाली."