मामंजींचं पिस्तूल आणि माझ्या बांगड्या

आमच्या घरातल्या रिव्हॉल्वरने उभ्या आयुष्यात कुणालाच मारलं नाही. उलट त्यालाच मी मारलं.

गोष्ट पंचाहत्तरच्या आसपासची. पेडगावात मी तेव्हा नवी सून. शिक्षण चौथीपर्यंत, पण लाजण्यात मॅट्रिक पास! मामंजींसमोर, म्हणजे सासऱ्यांसमोर, सुनेने तोंड उघडायचं नाही, परक्या पुरुषासमोर तर नाहीच, अशी घरची रीत. कुणी काही विचारलं तर दाराआडून बांगड्या वाजवायच्या. वाजल्या म्हणजे हो, नाही वाजल्या म्हणजे नाही. (नाही म्हणायची वेळ सुनेवर फारशी येतच नसे!)

मामंजींचं रिव्हॉल्वर निजामाच्या काळातलं, त्यांच्या वडिलांचं. त्याचा निळसर काळा मुलामा उडाला होता आणि नळीवर गंजाचे तांबडे ठिपके आले होते. लायसन नवं करून घ्यायचं तर ते परभणीच्या ठाण्यात दाखवावं लागणार. गंजकं हत्यार बघून साहेबाने लायसनच काढून घेतलं तर? या धास्तीने मामंजींना जेवण गोड लागेना. मुलामा द्यायचा हे नक्की, पण कसला?

"निकेल द्या बाबा," धाकटे दीर दिगंबरभावजी म्हणाले. "लय चमकतंय!"

मामंजींनी डोळे बारीक केले. "चमकाया कामून पायजे? वरातीत कमरेला लावून मिरवायचंय का तुला?"

"मग काळाच द्या," आमचे हे म्हणाले.

"काळ्याखाली गंज झाकायचा, अन् मी मेलो की इकायचं. व्हय ना?"

"चुलीत घाला मेलं!" आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओरडल्या.

मामंजींना त्यांचाही संशय आला. "हिला एवढी घाई कशाची झालीय?"

परभणीचा कारागीर म्हणाला, थोडे दिवस ठेवून जा. ठेवून? मामंजी रिव्हॉल्वर उपरण्यात गुंडाळून तसेच माघारी. "ठेवलं की आतलं समदं बदलतंय ते बेनं!" तेव्हापासून त्यांनी घरातही कुणावर विश्वास ठेवला नाही. गोळ्या कुलपात टाकल्या आणि रिव्हॉल्वर रोज नव्या जागी लपवू लागले. कधी ज्वारीच्या कणगीत, कधी गादीखाली. शेवटी त्यांना पक्की जागा सापडली. ती अर्थातच कुणाला सांगितली नाही.

ती जागा म्हणजे मांडणीवरचं तांब्याचं मोठं पातेलं. एरवी लग्नकार्याशिवाय त्याला कुणाचा हात लागत नसे. हं, गावात कल्हईवाला आला तर गोष्ट वेगळी.

तो आलाच! मामंजी दुसऱ्या कारागिराची चौकशी करायला सेलूला गेलेले, बाकी सगळे रानात. मी झाकणासकट पातेलं उंबऱ्यापर्यंत ढकललं, बाकीची भांडी शेजारी ठेवली आणि दाराआड झाले. त्याने अंगणात लिंबाखाली भट्टी पेटवली.

थोड्या वेळाने त्याचा आवाज आला, "बाईसाब, हे बी करायचं का?"

आता 'हे' म्हणजे काय, ते बघायला दाराबाहेर डोकवायला हवं. ते कसं जमायचं? शिवाय कल्हईवाल्यांवर माझा आधीपासूनच संशय. जरा अवघड भांडं आलं की टाळायला बघतात! मी बांगड्या वाजवल्या.

"नीट इचार करा बरं! इस्तवावर धरायचंय!"

लबाड मेला! मी दोन्ही हातांच्या वाजवल्या.

दिवस कलता मामंजी आले ते फाटकातूनच ओरडत, "ठरलं! काळाच! कारागिराच्या म्होरं बसून करून घेतो!" आणि थबकले. अंगणात ताटं-पातेली मांडलेली आणि त्यांच्या मधोमध चांदीसारखं लखलखणारं रिव्हॉल्वर! नवसागर टाकून, कथील फिरवून, कापसाने पुसून अगदी नवरदेवासारखं सजवलेलं.

"हे माझं न्हाई," मामंजी म्हणाले. "बदललं!"

तोवर बाकीचे रानातून आले.

"दिग्या, तूच! तुलाच चमक पायजे व्हती!"

"मी दिसभर रानात व्हतो बाबा!"

"मंग तू!" आमचे हे बैलाच्या मागे सरकले.

"मंग ही! चुलीत घाला कोण म्हणलं व्हतं?"

आत्याबाईंनी पदर खोचला. तेवढ्यात कल्हईवाल्याने हात जोडले. "मालक, घरातूनच व्हय म्हणले. मी दोनदा इचारलं."

"कोण म्हणलं?"

"म्हणलं न्हाई मालक... वाजलं."

सगळे दाराकडे वळले. मामंजींनी भिंतीकडे तोंड केलं (सुनेशी थेट कसं बोलणार!) आणि भिंतीला विचारलं, "खरं हाय का?"

काय करणार? वाजवल्या.

पुढे लायसनसाठी ते ठाण्यात न्यावंच लागलं, तिथे जमादाराने गोळ्यांचं चाक फिरवून पाहिलं, फिरेना. घोडा ओढला, हलेना. नळीचं तोंड कथलाने बुजलेलं. "पाटील," तो म्हणाला, "ह्याला लायसन कशाला? ह्याच्यानं फार तर वरण घोटता येईल." रिव्हॉल्वरही ठेवून घेतलं आणि लायसनही.

मामंजी घरी आले, ओट्यावर बसले, भिंतीकडे वळले. मग भिंतीलाच म्हणाले, "आजपसून सूनबाईनं तोंडानं बोलावं. हुकूम हाय!"

तो हुकूम मी आजवर मोडलेला नाही. बाहेर अजूनही लाजते, पण घरात एकदा सुरू झाले की थांबत नाही. परवा आमचे हे रस्त्याकडे डोळे लावून बसले होते.

मी विचारलं, "कुणाची वाट बघायलात?"

"त्या कल्हईवाल्याची," हे म्हणाले. "पिस्तुलाचं तोंड त्यानंच बंद केलं व्हतं ना!"