आप्पांच्या हातातली कोरी कॉफी

नोकरी सोडायची की नाही, ते सोमवारी साहेबांना सांगायचं होतं. त्याआधी रविवारी भांडगावला जाऊन आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगायचं होतं. साहेबांची मला काडीचीही भीती नव्हती.

नवऱ्याने एकच अट घातली होती. "वर्षभर घर मी ओढतो. पण आप्पांना तू स्वतः सांगायचं. दुसरीकडून कळलं तर ते माझं तोंड बघायचे नाहीत." त्याचं बरोबर होतं. मी रांजणगावला कंपनीत क्वालिटीला आहे, हे आप्पा डेअरीत, टपरीवर, लग्नात शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगायचे. पोरीला शिफ्टला कशाला पाठवता, म्हणून सगळी भावकी तोंड वाकडं करत होती, धाकटे चुलते सगळ्यांत पुढे होते, तेव्हा आप्पा एकटे भांडले होते. आणि आता ती नोकरी सोडून मी काय करणार, तर कॉफीचं ॲप. न्हावऱ्याच्या रस्त्याला नवऱ्याच्या गाडीवर मागे बसून मी हे वाक्य मनात म्हणून बघत होते.

खूळ सुरू झालं ते रागातून. शिरूरच्या आमच्या घरात कधी नळाचं पाणी, कधी बोअरचं, कधी टँकरचं, आणि प्यायला जार. एकाच पुडीतली कॉफी जारच्या पाण्यात झकास लागायची आणि बोअरच्या पाण्यात खडू चाटल्यासारखी. कॉफीच्या व्हिडिओतली मंडळी कप, वजनकाटा, किटली सगळं सांगायची. बोअरबद्दल अवाक्षर नाही. मी चिडले की मोजायला लागते. म्हणून माझं ॲप आधी विचारणार होतं, पाणी कुठलं? मग कॉफी किती बारीक दळायची, पाणी किती तापवायचं, किती वेळ गाळायचं, ते सांगणार होतं. अर्धंमुर्धं माझ्या मोबाईलमध्ये चालतही होतं.

भांडगावच्या बोअरचं पाणी चांगलंच मचूळ. म्हटलं, इथेच करून दाखवावी. चव लागली जिभेला की पुढचं बोलणं सोपं जाईल. ओसरीवर आप्पा बसले होते, नेमके धाकटे चुलतेही आले होते. आई गोठ्यात होती. मी पिशवीतून काटा, ग्राइंडर, कागदी फिल्टर काढून मांडलं. ॲपमध्ये 'बोअर' निवडलं आणि सांगेल तसं बारीक धारेने पाणी सोडत गेले. चुलते म्हणाले, "प्रयोगशाळा हाय जनू." मी धार तुटू दिली नाही. कॉफी मात्र सुरेख उतरली. मी दोन कप भरून दोघांच्या हातात दिले.

तेवढ्यात आई दुधाची चरवी घेऊन आली. दारातच थबकली. आप्पांच्या हातात काळा कप, चुलत्यांच्या हातात काळा कप, सगळे गप्प. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"कोन गेलं?" ती म्हणाली.

मला एकदम उमगलं. आमच्यात मयताच्या घरीच कोरा चहा करतात. दावणीला गाई असलेल्या घरात एरवी बिनदुधाचा कप कोणाच्या हातात दिसत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. आजी गेली तेव्हा मीच सगळ्यांना तसला चहा फिरवला होता. शिरूरच्या ओट्याशी काट्यावर नजर लावून मी ते साफ विसरले होते. आईने चरवी खाली ठेवली आणि आप्पांच्या हातातला कप काढून घेतला. चुलत्यांनी आपला आपणच खाली ठेवला. कोणी घोटही घेतला नव्हता.

"कोन न्हाई गेलं," आप्पा म्हणाले. "पोरगी कॉफी पाजतीय. दूध तापीव."

दूध! माझ्या ॲपमध्ये दुधाला जागाच नव्हती. पहिल्या कपात दूध पडलं आणि कॉफीचा मागमूस राहिला नाही. मला रडावंसं वाटलं. मग मोबाईल पालथा टाकला, अंदाजाने दुप्पट पूड घेतली, पाणी कमी केलं, आईच्या पातेल्यातलं दूध ओतलं आणि दोघांना नवे कप दिले. आप्पांनी घोट घेतला. मग दुसरा घेतला. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"आप्पा, मी नोकरी सोडू का? ह्याचंच ॲप करायचंय मला."

चुलत्यांनी माझ्याकडे बघितलं. आईने कपाळाला हात लावला. आप्पा कपातच बघत होते.

"कंपनीत लागलीस तवा इचारलं व्हतंस का मला?"

"नाही."

"सांगितलं व्हतंस. सोमवारपासनं जाते म्हनून. तेवढ्या बोलन्यावर मी समद्या भावकीशी भांडलो." त्यांनी कप खाली ठेवला. "आज इचारतीस. तुझाच तुझ्यावर भरवसा न्हाई, आन् मी लोकांशी कशाच्या जोरावर भांडू?"

असा राग आला मला! खरं होतं म्हणूनच आला. रस्ताभर मी त्यांच्या 'हो'ची वाट बघत आले होते, म्हणजे फसलं तर तो 'हो' पुढे करता आला असता. नवरा काही बोलणार होता, त्याला मी हाताने थांबवलं.

"सोडतेय," मी म्हणाले. "उद्या साहेबांना सांगणार आहे."

आप्पा सावकाश चुलत्यांकडे वळले.

"आयकलंस न्हवं? कंपनी सोडतीय. कॉफीचं काढतीय आता. बोल, काय म्हननं हाय तुझं?"

चुलत्यांनी कप तोंडाला लावला तो बराच वेळ खाली घेतलाच नाही.