येडी ठरलेली रंभा

बेलपाड्याची रंभा चार वर्षांची होईतो बोलली नाही. "येडी हाय पोर," असं चुलती ठमाबाई म्हणाली आणि गावानं ते उचललं. पुढे रंभाला वाचा फुटली, पण तोवर तिचं ऐकायची कुणाला सवयच उरली नव्हती. मिठागरावर तिच्या वयाच्या पोरी पाट्या वाहत. तिला बांधावर बसवून ठेवत. हळूहळू तीही तोंड उघडं टाकून बसू लागली. तसं बसलं की कुणी काही विचारत नसे.

छप्पन साली थोरला भाऊ महादेव तिला पनवेलला बिल्कीसबींकडे कामाला ठेवून आला. घर सुक्या मासळीच्या व्यापाऱ्याचं, बिल्कीसबी नुकत्याच बाळंत झालेल्या. रंभाला गावात काय म्हणतात, हे महादेवनं मुद्दामच सांगितलं नाही. बिल्कीसबींनी पहिल्याच सकाळी बाळ तिच्या मांडीवर दिलं. "सांभाळ गं, मी आंघोळ करून येते." रंभा जागची हललीसुद्धा नाही, बाळ निजून राहिलं. वर्षभरात ती कोळणींशी घासाघीस करून मासळी आणू लागली. "रंभा, आज काय रांधू या?" बिल्कीसबी विचारत, आणि ती सांगे.

मग एकदा ठमाबाई सुकट घ्यायला आली. रंभाच्या कडेवर बाळ पाहून दारातच थबकली. "या येडीकडं पोर दिलंय तुमी? जल्मापासून डोकं नाय तिला."

"काहीतरीच काय, मावशी," बिल्कीसबी हसल्या. पण हात पुढे करून बाळ त्यांनी आपल्याकडे घेतलं.

मी येडी नाय, असं रंभाला म्हणायचं होतं. ठमाबाई बघत होती. शब्द फुटेना, तोंड तेवढं उघडं राहिलं. बिल्कीसबींनी ते पाहिलं.

त्यानंतर रंभानं दुधाचं पातेलं उचललं की बिल्कीसबी मागे येऊन उभ्या राहत. "जपून हां." जपून म्हटलं की तिचा हात थरथरे. एकदा दूध सांडलं, मग पाळण्याशेजारी कढत पाणी. तिला घरी घेऊन जा, असा महादेवला निरोप गेला.

"काय केलंस गं?" त्यानं वाटेत विचारलं.

"मी येडी हाय ना," रंभा म्हणाली.

चौसष्ट साली तिच्या पोटात दुखू लागलं. तिनं ते पुन्हा पुन्हा सांगितलं. "तिची रोजचीच बडबड हाय," ठमाबाई म्हणाली. ताप डोक्यात गेल्यावर महादेव डॉक्टरला आणायला पनवेलला धावला. तो परतला तेव्हा रंभा गेली होती, बायका अंगणात जमल्या होत्या.