अक्कांच्या उशाशी बसणारा माणूस

अकरा वर्षं मी प्रभूने शिकवलेली प्रार्थना अर्धवट म्हणत होते, हे आधी कबूल करते. चर्चमध्ये मिस्सेच्या उपासनेत सगळ्यांबरोबर सुरुवात करायची आणि अपराध्यांना क्षमा करण्याची ओळ आली की ओठ मिटून घ्यायचे. शेजारच्या बाईला ते कळत नसे. देवाला कळत होतं, आणि त्याला कळावं असंच मला वाटे. वडिलांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. भुसावळला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये ते फिटर होते. पिऊन आले की आईवर हात टाकायचे. आई त्यांच्या आधी गेली. मृतांच्या स्मरणदिनी मी धुळ्याहून भुसावळला जायची, आईच्या कबरीवर मेणबत्त्या लावायची आणि शेजारच्या त्यांच्या कबरीकडे पाठ करून उभी राहायची. मेल्यावर स्वर्गाआधी शुद्धिस्थानात थांबलेल्या आत्म्यांना आपल्या प्रार्थनेचाच आधार असतो, असं मला लहानपणापासून शिकवलं होतं. म्हणूनच वडिलांसाठी मी ती करत नव्हते.

धुळ्यात एका खाजगी दवाखान्यात मी नर्स आहे. मागच्या पावसाळ्यानंतर शिरपूरकडच्या एका खेड्यातल्या अक्का आमच्याकडे दाखल झाल्या. सत्तरीच्या, कापूस वेचून हात खरखरीत झालेले, फुफ्फुसात पाणी झालेलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी सलाईन बदलत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई, त्या मानूसले पानी दे ना. त्याले तीस लागेल शे."

कुणाला तहान लागली म्हणून मी पाहिलं. त्यांच्या उशाशी स्टूल होतं, रिकामं. तापात माणसं असं बोलतात, म्हणून मी "हो अक्का, देते" म्हणून पुढे गेले. दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला पुन्हा तेच. त्या दिवशी त्यांना ताप नव्हता. मी सहज विचारलं, "कसा दिसतो हो तो?"

"खाकी कपडा शेतस. डावा हातनी दोन बोटे नहीत."

मी हातातला ट्रे खाली ठेवला. मी चौथीत असताना मशीनमध्ये सापडून वडिलांची दोन बोटं गेली होती. डाव्या हाताची. धुळ्यात हे कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. घरात त्यांचा फोटोसुद्धा मी ठेवला नव्हता.

"काही बोलतो का?"

"म्हनस, मनी पोरले सांगा, माले तीस लागेल शे." मग अक्कांनी विचारलं, "त्यानी पोर कोन शे वं?"

"मी, अक्का."

त्यांनी आपल्या खरखरीत हाताने माझं मनगट धरलं. मग म्हणाल्या, "मंग दे ना पानी. बाप कसा बी ऱ्हावो."

भीती वाटली का, असं मला नंतर एकदोघांनी विचारलं. स्टुलाची भीती वाटली नाही. भीती वाटली ती माझी मला, की एका माणसाला मी इतकी वर्षं तहानलेलं ठेवू शकले. त्याला हवं असलेलं पाणी दवाखान्याच्या माठातलं नव्हतं, हे मला तिथेच उमगलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून सकाळच्या एसटीने भुसावळला गेले आणि तिथल्या चर्चच्या फादरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तीन वाजता मी मोकळा आहे. आपण दोघंच त्यांच्यासाठी मिस्सा करू." मोठ्या चर्चमध्ये आम्ही दोघंच. प्रार्थना त्या ओळीपाशी आली आणि मी सवयीने गप्प झाले. पण दोनच माणसं असली की एकाचं गप्प राहणं लपत नाही. फादरही थांबले. त्यांनी घाई केली नाही. मी मनात म्हटलं, प्रभू, मला हे जमत नाही, तूच म्हण. आणि ती ओळ मला ऐकू आली. आवाज माझा होता, पण तो मी काढला असं मला आजही म्हणवत नाही. त्याच वेळी मागच्या बाकावरून कुणी उठावं तसा आवाज झाला. मी वळून पाहिलं नाही. फादरांनी मात्र माझ्या मागे, दाराकडे पाहिलं आणि मान लववली. त्यांना काय दिसलं, हे मी कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेले तर अक्का उठून बसल्या होत्या. "पानी दिधं का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

"माले ठाऊक शे. काल उना, पन बसना नही. हासना अन् चालना गया." काल तो आला, पण न बसता हसून निघून गेला, हे ऐकून मी त्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं.

आठवड्याभराने अक्का घरी गेल्या. वडिलांबद्दलचा माझा राग पुरता गेला, असं सांगितलं तर ते खोटं होईल. आईचा सुजलेला चेहरा आठवला की अजून मन कडू होतं. मग मी ते तसंच देवापुढे ठेवते, कारण क्षमा करणं माझ्या आवाक्यातलं नाही, हे आता मला माहीत आहे, आणि ते माझ्याकडून होण्यासाठी त्याने किती लांबचा रस्ता धरला तेही. माझ्याजवळ वडिलांना जागा नव्हती, म्हणून त्याने त्यांना एका परक्या बाईच्या उशाशी बसवलं. आणि जी कधी चर्चची पायरी चढली नव्हती, तिने त्यांच्यासाठी माझ्याकडे पाणी मागितलं.