मावशी बसल्याशिवाय डबा नाही

लिंबायत वस्तीतल्या मुलांना मी रिक्षातून मिशनच्या शाळेत सोडायचो. त्यात माझी मुलगीही होती. तिच्या टीचर कानावर खडू खोचून फिरायच्या आणि पहिलीतल्या पोरांनाही 'अहो' म्हणायच्या. झाडूवाल्या मावशी जेवायला बसल्याशिवाय वर्गात कुणी डबा उघडायचा नाही, हा त्यांचा नियम.

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी जेवणाच्या सुट्टीत समोर ठेवलेल्या खमणच्या बशीत हात घातला. टीचर हळूच म्हणाल्या, "साहेब, मावशी अजून हात धुताहेत." साहेबांनी हात मागे घेतला. दारातून बघताना मला फार हसू आलं.

संध्याकाळी घरी मी भाकरी मोडली, तर मुलगी तशीच हळूच म्हणाली, "पप्पा, मम्मी अजून स्टोपाशीच आहे."

लग्नाच्या नवव्या वर्षी मी पहिल्यांदा गार भाकरी खाल्ली. बायको रोजच खात होती.