खांबावर नात

नात बारावी पास झाली तवा घरात भांडण पेटलं. माझा ल्योक म्हणायचा, बीदरला बी.एस्सी.ला घालायची. ती म्हणायची, लाइनमनचं शिकणार. पोरीच्या जातीला खांब कशाला म्हणून सून रडायली. मी चौथी नापास, पण घरात शेवटचा शब्द माझा. म्हणलं, "डिग्री घेतलेली पोरं हळ्ळीखेडात दुकानावर पुड्या बांधायलीत. हिच्या हातात काम ऱ्हाईल, पगारबी बरा. जाऊ द्या तिला." त्यात माझं काही चुकलं असं आजबी वाटत न्हाई.

चुकलं ते पुढं. शिकायला गेलेली ती पहिल्यांदा सुट्टीवर आली, तवा आमच्या विहिरीवरच्या खांबाची तार जळालेली. ती म्हणली, "हापिसात कळवू अज्जा. लाइन बंद केल्याचा कागद हातात आल्याबगर चढायचं नसतं."

"तवर पिकाला काय कागद पाजू? आम्ही जल्मभर तोंडी कामं केली. कामून, भ्यायलीस व्हय?"

"तुमची नात हाय. भ्यायला काय झालं?" हसली आणि चढली.

विजेच्या डीपीपाशी शेजारच्या रानातले कन्नड अण्णा उभे होते. डीपीचा दांडा खाली ओढून त्यांनीच लाइन बंद केलती. मी मधे, बांधावर. वारं सुटलेलं. वरून पोरगी वरडली, "अज्जा, माझी हाक ऐकू येतीया का?"

वाऱ्यातनं अण्णांच्या कानावर 'हाक' तेवढा एकच शब्द पडला. कन्नडात हाक म्हणजे घाल, चालू कर. "हां, हाकतीनी!" म्हणत त्यांनी दांड्याला हात घातला. पोरीचे दोन्ही हात तारेवर.

"ब्याडा! अण्णा, ब्याडा!" नको म्हणून मी वरडलो. तो आवाज माझा मलाच ओळखू आला न्हाई. दांडा निम्मा वर गेलता. तिथंच थांबला.

काम उरकून ती खाली उतरली. "कुणावर वरडायलावता?"

"कुत्रं घुसलं रानात."

तवर जवळ आलेल्या अण्णांनी ते ऐकलं, माझ्याकडं बघितलं आणि पाठ फिरवून गेले. तवापासून ते आमच्या बांधावर येत न्हाईत.

आता ती मन्नाएखेळ्ळीकडं नोकरीला हाय. ल्योक चारचौघांत सांगतो, "अप्पांनी बरोबर केलं." मी मान खाली घालतो. कागद मागणं म्हणजे भिणं, हे तिला साळंत कुणी शिकवलं न्हाई. मी शिकवलं. आणि माझ्यासारखे म्हातारे तिकडंबी असतीलच.

काल न राहवून फोन लावला. म्हणलं, "पोरी, कागदाबगर चढत जाऊ नगंस."

ती खळखळून हसली. "तुम्ही असं म्हणायलाव अज्जा? तुम्ही? ठेवते, खाली माणसं खोळंबलीत."

"खाली म्हणजे? तू कुठं हायस?" मी विचारलं. फोन बंद झालता.